दहापर्यंत

आधी वास आला,
जुन्या इस्त्रीखाली धूळ जळावी तसा.
मी गॅस बघितला, देवापुढची समई बघितली,
मग हॉलमध्ये आले.
पडद्यावर विमानं पडत होती,
बायका ओरडत होत्या,
फक्त खालचा आवाज नव्हता,
जमिनीतून येतो तो.

पुंडलिक सोफ्यावरून मागे वाकलेला,
सबवूफरच्या पाठीवर पंजा टेकून.
चटका बसत असणार. काढीना.
हिरवा दिवा लाल झाला होता.
"झोपला गे," म्हणाला,
पाळण्यातल्या पोराबद्दल सांगावं तसं, हळू.
त्याला हळू बोलायला जमतं असं नाही.
शेजारच्या मळकांनाही कळलं, कोण झोपलं ते.

सतरा वर्षं शिरगावच्या खाणीवर
त्याने सुरुंगांना बत्ती दिली.
कानात घालायला बोळे मिळायचे,
हा कानावर विडी ठेवायचा.
आता कुकरची शिटी नाही, पोदेराचा पोंपों नाही,
नातीचं "आजो" तर नाहीच.
तळव्यांनी ऐकू येतं तेवढंच उरलंय.
म्हणून फंडाचे पैसे आले त्या आठवड्यात
हा म्हापशाला जाऊन ही पेटी घेऊन आला.
मी फ्रीज म्हणत होते.

अस्नोड्याहून इनास आला, मंगळवारी.
आठ स्क्रू काढले, पाठ उघडली,
आणि बराच वेळ काही बोलला नाही.
अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये
तांबडी धूळ, दाबून भरल्यासारखी.
ब्रशने निघेना. माझ्याकडून केसांची पिन मागितली.
वर्तमानपत्रावर एवढाशी टेकडी झाली.
"खाण बंद पडली म्हणतात," इनास म्हणाला,
"तुमची चालू आहे."

मग त्याने भिंत बघितली, पेटी बघितली,
वरची खिडकी बघितली.
"बाये, हाका वारें जाय."
ती खिडकी आम्ही ट्रक सुरू झाले तेव्हा लावली,
दिवसाला किती जायचे ते मोजणं सोडलं तेव्हा
कडीवर चिंधी बांधली.
ट्रक थांबले.
चिंधीचं कुणाच्या लक्षात राहतं?
इनासने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तीन ठोके घातले.
बिजागरी अशी किंचाळली!
ती मी एकटीनेच ऐकली, घरातल्यांपैकी.
समोरच्या फणसाची पानं हिरवी आहेत
हे मला माहीत होतं.
तरी बघत राहिले थोडी.

पेटी भिंतीपासून वीतभर पुढे आली.
खाली चार करवंट्या, ही पुंडलिकची अक्कल,
इनास हसला, पण काढल्या नाहीत.
कपॅसिटर एक बदलला, दीडशे रुपये.
आवाजाचं बटण मागे फिरवून
माझी टिकली मागितली आणि चिकटवली तिथे:
याच्या पुढे न्यायचं नाही.
"आणि हात ठेवून बघायचा, रोज.
दहापर्यंत मोजता आलं तर ठीक.
नाही आलं तर बंद करायचा,
पिक्चर कुठेही असो."

दोन दिवस ठीक चाललं.
तिसऱ्या रात्री बघते तर टिकली
बोटभर पुढे सरकलेली.
विचारलं, तर ऐकूच आलं नाही त्याला.
सोयीचं आहे त्याचं.
मी ती परत मागे लावते सकाळी केर काढताना,
तो पुढे नेतो. डिंक संपत आला.
पाकिटात अजून अकरा आहेत.

काल पुन्हा लाल दिवा लागला.
युद्ध अर्ध्यावर, माणसं मुकी पळतायत,
खिडकीतून रातकिड्यांचा कल्लोळ.
तो खाली फरशीवर बसला, पंजा टेकून.
मला म्हणाला, "बघ, अजून येतंय."
मी शेजारी बसले. गुडघे कुरकुरले.
आवाज नव्हता, ऊब होती नुसती,
आतून बाहेर येणारी, थांबत थांबत.
मी हात ठेवला त्याच्या हाताशेजारी
आणि मोजायला लागले.
सहाला काढावा लागला.
त्याचा तिथेच होता.